बोका आणि कुत्रा, दोघांचं ऑपरेशन एकदमच उरकून टाकावं का?

ओसरीवर

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, पण सगळीकडे मनीमाऊ आणि कुत्रीबद्दलच लिहिलेलं सापडलं. नरांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा नवा धागा.

आमच्याकडे दोन प्राणी आहेत. नाना हा बोका, अंदाजे नऊ महिन्यांचा, करड्या पट्ट्यांचा. पावसात भिजून दारात आला आणि मग गेलाच नाही. दुसरा बंडू, गोल्डन रिट्रीव्हर, सात महिन्यांचा.

नानाने महिनाभर उच्छाद मांडलाय. पडद्याकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी ताठ, टोक थरथरतंय, आणि मागच्या मागे पिचकारी. पडदे झाले, चपलांचं कपाट झालं, परवा नवऱ्याची लॅपटॉपची बॅग झाली. वास असा की दोनदा धुऊनही खोलीत पाऊल टाकलं की समजतं. वर रात्री खिडकीतून पसार आणि पहाटे कान फाडून परत. बंडू मात्र अजून बाळ आहे. उशीवर चढण्यापलीकडे त्याची मजल गेलेली नाही.

माझा बेत असा: कुत्रा झपाट्याने मोठा होतोय, तर त्याचं आधी करावं. नाना काय, मांजरच आहे, वर्षाचा झाला की बघू. नाहीतर दोघांना एकाच दिवशी नेऊन एकदाच मोकळं व्हावं. नवऱ्याचं म्हणणं, "दोघंही नर आहेत, पिल्लं काही आपल्या घरात होणार नाहीत, मग कशाला त्यांच्या मागे लागतेस?" हे बोलताना त्याने पाय जवळ घेतले, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपागडे

नवरोबांना पूर्ण अनुमोदन. बंडू आणि नाना यांच्या वतीने निषेध नोंदवतो. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

मांजरवेडी

ताई, बेत बरोबर उलटा करा. आधी नाना, आणि तोही या आठवड्यात. बोक्याला वर्षाचं होऊ द्यायची काहीच गरज नसते. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास बोके वयात येतात, म्हणून हल्ली चौथ्या-पाचव्या महिन्यातच करून घ्यायला सांगतात. पिचकारीची सवय लागायच्या आत झालं तर सर्वात उत्तम. तुमच्याकडे ती लागून महिना झाला, आता दर आठवड्याला ती मुरत जाणार.

कान फाटलाय म्हणालात. नुसत्या कानावर भागत असेल तर नशीब समजा. गालांवर आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघा. बोक्याचा सुळा सुईसारखा आत जातो, वरचं भोक दोन दिवसांत मिटतं आणि आत पू साचत राहतो. माझ्या एका बोक्याच्या गालावर लिंबाएवढं गळू झालं होतं. तोवर मी 'गुटगुटीत झालाय' म्हणून त्याचे फोटो काढत होते.

रानवाट

माझं मत इथे अल्पसंख्य असणार हे माहीत आहे, तरी मांडतो. आपल्या पडद्यांना वास येतो म्हणून एका धडधाकट प्राण्याचा अवयव काढून टाकायचा, हे मला पटत नाही. नॉर्वेत कुत्र्यांची अशी सरसकट शस्त्रक्रिया करत नाहीत. तिथल्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे त्यासाठी तसंच कारण असावं लागतं. तिथले कुत्रे काही पिसाळल्यासारखे वागत नाहीत. प्रश्न प्राण्याच्या शरीराचा नाही, आपल्या वेळेचा आणि शिस्तीचा आहे.

मांजरवेडी

रानवाट, कुत्र्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. कुत्रा पट्ट्याला असतो, त्याच्याबरोबर माणूस असतो. बोक्याला कोण शिस्त लावणार? खिडकी बंद ठेवली तर तो रात्रभर दारापाशी बसून गळा काढतो, उघडली तर भांडायला जातो. न कापलेला बोका घरात कोंडून ठेवणं ही मला जास्त क्रूर गोष्ट वाटते. आणि चावण्यातून एफआयव्ही पसरतो, मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू. माणसाला त्याचा धोका नाही, पण मांजराला त्यावर इलाज नाही.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर, पण अगदीच गैरलागू नाही. सगळे सर्रास 'नसबंदी' म्हणतात. नसबंदी म्हणजे फक्त नळी बांधणं किंवा कापणं. इथे जे करतात ते खच्चीकरण, म्हणजे वृषणच काढून टाकतात. कागदोपत्री 'निर्बीजीकरण' लिहितात, ते दोन्हींना चालतं. गंमत बघा, गुरांच्या बाबतीत आपण किती चोख आहोत: वळू वेगळा, बैल वेगळा. खच्ची केलेल्या बोक्याला मात्र मराठीत शब्दच नाही.

तिरपागडे

आहे की. 'लठ्ठ'.

गोठ्यातला डॉक्टर

पेशाने पशुवैद्य. निम्मा दिवस गोठ्यात जातो, निम्मा कुत्र्या-मांजरांत.

शब्दवेल्हाळांचा मुद्दा अवांतर मुळीच नाही, अगदी कामाचा आहे. काही लोक मुद्दाम विचारतात, "डॉक्टर, नुसती नस बांधा, बाकी राहू द्या." तसं करता येतं, पण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं संप्रेरक, जसंच्या तसं राहतं. म्हणजे बोका पिचकाऱ्या मारणार, भांडणार, भटकणार, फक्त त्याच्यापासून पिल्लं होणार नाहीत. ज्या त्रासासाठी बहुतेक जण येतात तो तिथेच राहतो.

आता ओसरीवर यांच्या प्रश्नाकडे. बोका आणि कुत्रा यांना एका मापाने मोजू नका.

बोक्यासाठी मांजरवेडी यांनी सांगितलं तेच सांगेन. नऊ महिन्यांच्या बोक्याचं थांबवून ठेवायला वैद्यकीय कारण नाही. लहानपणी केलं तर मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि पुढे लघवी तुंबते, असं पूर्वी मानत. तपासून पाहिलं तेव्हा लवकर केलेल्यांत, उशिरा केलेल्यांत आणि न केलेल्यांत त्या नळीच्या रुंदीत फरक आढळला नाही. लघवी तुंबणं बोक्यांत होतं हे खरंच, पण त्यामागे वजन, बैठं आयुष्य, कमी पाणी पिणं आणि ताण असतो. ऑपरेशन झालेलं असो वा नसो, बोका वाळूत वारंवार जाऊन बसतोय आणि थेंब पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दोन-तीन दिवसांत जीव जातो.

पिचकारीचं सांगायचं तर बहुतेक बोक्यांची थांबते किंवा अगदी नावापुरती उरते. दहातला एखादा मात्र नंतरही सोडत नाही. त्या उग्र वासामागे फेलिनीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते मुख्यतः टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर तयार होतं, त्यामुळे काही आठवड्यांत लघवीचा वास साध्या मांजरासारखा होतो.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. बंडूची जात मोठी आहे आणि तो अजून वाढतोय. हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, त्या बंद व्हायला टेस्टोस्टेरॉनची मदत होते. ते आधीच काढून घेतलं तर चकत्या उशिरा बंद होतात, पाय थोडे जास्त लांबतात आणि सांध्यांचे कोन बिघडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने २०१३ मध्ये नेमका गोल्डन रिट्रीव्हरांचाच अभ्यास छापला, ७५९ कुत्र्यांचा. वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत खुब्याचा दोष सुमारे १० टक्क्यांना होता, न केलेल्यांच्या जवळपास दुप्पट. गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण लवकर केलेल्यांत ५ टक्के, न केलेल्यांत एकही नाही. ही सगळी त्यांच्या दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांची नोंद आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्या बंडूला चिकटवू नका. पण रोख स्पष्ट आहे. पुढे २०२० मध्ये त्यांनी ३५ जाती पाहिल्या. लहान जातींत सांध्यांचा हा फरक जवळजवळ दिसला नाही.

तेव्हा बंडूला निदान वर्ष, शक्य असेल तर सव्वा-दीड वर्ष होऊ द्या, असं मी सांगितलं असतं. त्याआधी एक काम करा. तो उभा असताना मागून हात लावून बघा, दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का?

सावळागोंधळ

माझा अनुभव कडू आहे, तरी सांगतो. आमचा कुत्रा पाहुण्यांवर गुरगुरायचा, एकदा शेजारच्या मुलाच्या पँटला तोंड घातलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पाचच मिनिटांत निकाल लागला, "खच्ची करा, शांत होईल." केलं. शांत झाला नाहीच, उलट दोन महिन्यांनी पाहुणा दिसला की कोपऱ्यात जाऊन थरथरायचा आणि तिथूनच झेप घ्यायचा. नंतर एका वर्तनतज्ज्ञाने पाहिल्यावर कळलं की तो पहिल्यापासून घाबरट होता. गुरगुरणं हे दादागिरीचं नव्हतं, भीतीचं होतं. पिल्लू असताना तो माणसांत फिरलाच नव्हता, चूक आमची. पण ऑपरेशनआधी एवढं विचारायला हवं होतं ना कुणीतरी?

गोठ्यातला डॉक्टर

सावळागोंधळ, विचारायला हवं होतं. भीतीपोटी चावणाऱ्या कुत्र्याला या ऑपरेशनचा उपयोग होत नाही, काहींची भीती उलट वाढते. टेस्टोस्टेरॉन थोडा धीर देत असतं, तोही आधार निघून जातो. ज्या गोष्टी त्या संप्रेरकाच्या जोरावर चालतात त्याच कमी होतात. माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने पळून जाणं बऱ्याच अंशी थांबतं. दुसऱ्या नरांशी मारामारी, घरात ठिकठिकाणी तंगडी वर करणं, अंगावर चढणं, हे काहींचं खूप कमी होतं, काहींचं थोडं, काहींचं अजिबात नाही. चढणं तर निव्वळ कामुक नसतंच. खेळताना चेकाळलेली कुत्रीसुद्धा चढते. भुंकणं, चपला फाडणं, पट्टा ओढणं यांचा वृषणांशी काडीचा संबंध नाही.

शंका असेल तर आधी चाचणी घेता येते. डेस्लोरेलिन नावाच्या औषधाचं इंजेक्शनसारखं रोपण मिळतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, कातडीखाली सोडतात. पहिले काही आठवडे संप्रेरक उलट वाढतं, मग उतरतं, आणि मात्रेप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर कुत्रा खच्ची केल्यासारखाच असतो. त्या काळात वागणं सुधारलं तर पुढचा निर्णय सोपा. बिघडलं तर निदान परत फिरायची वाट उघडी राहते.

सावळागोंधळ

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. असो. आता तो बराच सुधारलाय, पण त्याला दीड वर्ष शिकवणी लागली. आमचीसुद्धा झाली त्यात.

ओसरीवर

डॉक्टर!! एकच आहे!!!

आत्ता बंडूला बघितलं. उजवी बाजू व्यवस्थित, डावीकडे नुसती पिशवी. नवऱ्यालाही हात लावून बघायला लावला (नाक मुरडत का होईना). एवढे दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? लसीकरणाला चारदा नेलंय. हा कॅन्सर वगैरे आहे का?

तिरपागडे

आता मात्र गंमत बंद. डॉक्टर, लवकर या.

गोठ्यातला डॉक्टर

आधी पाणी प्या. कॅन्सर नाही. जन्माच्या वेळी वृषण पोटात असतात, तिथून जांघेच्या वाटेने खाली येतात. बहुतेक पिल्लांत दोन महिन्यांपर्यंत उतरलेले असतात. सहा महिन्यांनंतर उतरायची आशा जवळपास संपते. बंडूचा डावा वाटेत कुठेतरी अडकलाय, पोटात किंवा जांघेत.

काळजी म्हणाल तर दोन गोष्टींची. अडकलेला वृषण शरीराच्या उष्णतेत राहतो, बीज तयार करत नाही, पण संप्रेरक करतो, आणि पुढे वय झालं की त्यात गाठ होण्याचा संभव खाली उतरलेल्यापेक्षा कित्येक पट जास्त. शिवाय तो पोटात स्वतःभोवती पिळवटू शकतो. तसं झालं तर कुत्रा अचानक पोट धरून बसतो, उलट्या करतो. हे क्वचित होतं, पण लक्षात असू द्या.

म्हणून, रानवाट यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, बंडूचं ऑपरेशन करायचं की नाही हा प्रश्न आता उरला नाही. फक्त केव्हा, एवढाच. गाठीचा धोका उतारवयातला आहे, त्यामुळे हाडं पुरी वाढेपर्यंत थांबायला हरकत नसते. मधल्या काळात सोनोग्राफी करून तो नेमका कुठे बसलाय ते पाहून ठेवा. दोन्ही काढायचे. हा दोष आनुवंशिक आहे, एक ठेवून त्याच्यापासून पिल्लं घेणं बरोबर नाही. आणि खाली असलेला एकच काढून "झालं" म्हणणारा कुणी भेटला, तर तिथून उठा. लपलेला वृषण संप्रेरक करतच राहतो. बाहेरून कुत्रा खच्ची दिसतो आणि आतून नर असतो.

रानवाट

हे मान्य. कारण असल्यावर माझा विरोध नाही, मी तेच तर म्हणत होतो. ओसरीवर ताई, बंडूला शुभेच्छा.

हातचा एक

बोक्याचा लपलेला असला तर कसं कळतं? आमच्याकडे आणून दिलेला बोका 'झालेला आहे' म्हणून आला, खाली काहीच नाही, पण पिचकाऱ्या जोरात.

गोठ्यातला डॉक्टर

बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, मागे वळलेले. ते टेस्टोस्टेरॉनवरच टिकतात. खच्ची केल्यावर साधारण सहा आठवड्यांत झिजून जातात. तुमच्या डॉक्टरांना बघायला सांगा. काटे असतील तर आत कुठेतरी कारखाना चालू आहे. स्वतः बघायला जाऊ नका, बोटं दहाच्या दहा असू द्या.

वाचनमात्र

आयडीप्रमाणे नुसतीच वाचते, पण आज लिहायलाच हवं. आम्ही बोक्याचं केलं, चौथ्या दिवशी तो टुणटुणीत, म्हणून घरातल्या मनीबरोबर सोडला. तिचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. नऊ आठवड्यांनी चार पिल्लं. घरात एकमेकांवर संशय! मग डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं की कारखाना बंद झाला तरी नळीत माल शिल्लक असतो. चार ते सहा आठवडे वेगळं ठेवायचं. हे ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

मांजरवेडी

मालाची उपमा आवडली. यावरून नवरोबांच्या त्या 'पिल्लं आपल्या घरात होणार नाहीत' या मुद्द्याला हात घालते. ज्यांच्या दारात होतात त्यांना विचारा की. एक मात्र खरं, वस्तीतली मांजरं कमी करायची असतील तर नुसते बोके कापून उपयोग नाही. दहातले नऊ केले तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. संख्या माद्यांच्या ऑपरेशनने घटते. बोक्याचं आपण त्याच्या स्वतःच्यासाठी करतो: कमी जखमा, कमी भटकंती, गाडीखाली यायची भीती कमी.

शब्दवेल्हाळ

मला भुलेची भीती वाटते, म्हणून आमच्या कुत्र्याचं राहिलंय. तो आठ वर्षांचा आहे. गुरांना तो चिमटा लावतात तसं काही कुत्र्यांना होत नाही का?

गोठ्यातला डॉक्टर

नाही. बर्डिझोचा चिमटा गुरांसाठी आहे, तिथे पिशवी लोंबती असते आणि आतली दोरी कातडीवरून वेगळी पकडता येते. कुत्र्याची पिशवी अंगाला धरून असते. पूर्ण भूल हवीच.

भुलेबद्दल खरं सांगतो, धोका शून्य नसतो. ब्रिटनमध्ये मोठी पाहणी झाली होती, २००८ मध्ये छापली. तीत निरोगी कुत्र्यांत दोन हजारांत सुमारे एक आणि निरोगी मांजरांत नऊशेत सुमारे एक मृत्यू भूल दिल्यापासून दोन दिवसांत झाला, सगळ्या तऱ्हेच्या कामांसाठी दिलेली भूल धरून. वय, लठ्ठपणा, चपट्या नाकाची जात, हृदयाचा दोष, यांनी तो वाढतो. म्हणून आधी रक्त तपासायचं, छाती ऐकायची. आठ वर्षांच्या कुत्र्याची प्रोस्टेटही बघून घ्या. न कापलेल्या नरांत ती वयानुसार वाढतेच, मग शौचाला जोर लावावा लागतो, लघवीत रक्त दिसतं. ही साधी वाढ खच्ची केल्यावर आक्रसते. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र या ऑपरेशनने टळत नाही. काही लोक तसं सांगतात, ते चूक आहे.

ओसरीवर

नानाचं उद्या सकाळी आहे. रात्री दहानंतर खाणं बंद सांगितलंय. तो आत्ता रिकाम्या ताटलीशेजारी बसून माझ्याकडे असा बघतोय की मी त्याची इस्टेट हडप केली असावी. बाकी कुणी काही सांगणार असाल तर आत्ताच सांगा.

मांजरवेडी

घरी आल्यावर त्याच्या पेटीतली वाळू काढून फाडलेला कागद घाला, कण जखमेत जायला नकोत. बोक्याला टाके सहसा नसतात, पिशवीवर दोन बारीक चिरा असतात, त्या आपोआप मिटतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात तो कर्णा घालायला देतील, तो काढायचा नाही, कितीही रडला तरी. उंचावर झोपवू नका. पहिल्या रात्री बंडूपासून वेगळा ठेवा, दवाखान्याच्या वासाने बंडू त्याला ओळखणार नाही.

आणि दुखतंय म्हणून माणसाची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

ओसरीवर

आला घरी. दहा मिनिटांचं काम होतं म्हणे. डोळे सताड उघडे, कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धा पुढे आलेला, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलतंय. उठून तीन पावलं चालला, चौथ्याला मागचे पाय भलतीकडे गेले आणि तो भिंतीला टेकून बसला, जणू तिथेच बसायचं ठरलं होतं.

पण एक शंका. लाजत लाजत विचारते. सगळं अजून जागेवरच दिसतंय! फुगीर आहे. काढलं ना नक्की?

गोठ्यातला डॉक्टर

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, लाजू नका. पिशवी तशीच ठेवतात, आतला ऐवज काढतात. थोडी सूज येते, ती दोन-चार दिवसांत उतरते. कुत्र्यांत तर पिशवीच्या पुढे चीर घेऊन काम करतात, त्यामुळे मागून पाहिलं तर काही झालंच नाही असं वाटतं. सूज वाढत गेली, तापली, रक्त टपकलं किंवा उद्या दुपारपर्यंत त्याने खाल्लं नाही, तर फोन करा.

तिरपागडे

ज्यांना ते रिकामपण सोसवत नाही त्यांच्यासाठी सिलिकॉनच्या गोट्या मिळतात, खोटं सांगत नाही. 'न्यूटिकल्स' नावाच्या. शोधणाऱ्या अमेरिकन माणसाला त्यासाठी २००५ चं इग नोबेल (नोबेलची ती गमतीदार नक्कल) मिळालं, वैद्यकशास्त्राचं. लहान, मोठ्या, सगळ्या मापांच्या. कुत्र्याला फरक पडत नाही, मालकाची मान ताठ राहते.

रानवाट

यावर मात्र माझा विरोध कायम.

ओसरीवर

दीड महिन्याने धागा वर काढतेय.

नानाची पिचकारी तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू होती, मी जवळजवळ आशा सोडली होती. मग एक दिवस लक्षात आलं की चार-पाच दिवस झाले, वासच नाही. जुन्या डागांवर वास खाणारं एन्झाइमचं द्रावण मारलं. त्याआधी मी अमोनियावालं वापरत होते, त्याचा वास त्यांना लघवीसारखाच येतो म्हणे, म्हणजे मीच त्याला आमंत्रण देत होते. रात्री अजून खिडकीत बसतो, पण बाहेरच्या बोक्याचा आवाज आला की कान टवकारतो, विचार करतो आणि परत पाय पोटाशी घेतो.

भूक मात्र दुप्पट. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशननंतर गरज पाव भागाने तरी कमी होते आणि भूक उलट वाढते, म्हणून मोजूनच द्या. आता आमच्याकडे नानासाठी वजनकाटा आहे. नवऱ्याला वाटलं होतं की त्याच्यासाठी आणला.

बंडूची सोनोग्राफी झाली. डावा जांघेत सापडला, पोटात नाही, त्यामुळे पोट उघडायची गरज नाही. तारीख तो सव्वा वर्षाचा झाल्यावरची. पोटाचे केस भादरले तेव्हा नवरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि डॉक्टरांनी पडद्यावरचा तो बदामाएवढा राखाडी ठिपका दाखवला तेव्हा बंडूपेक्षा त्यानेच जास्त श्वास रोखून धरला. घरी येईपर्यंत गप्प होता. रात्री दिवा मालवल्यावर हळूच विचारतो, "त्या सिलिकॉनच्या... बंडूच्या मापाच्या मिळत असतील का गं?"